अळणी पाणी आणि खारट वडी

मराठीच्या मास्तराला स्वयंपाकघरातही आधी शब्दच दिसतात. उकळत्या पाण्यात टाकताच सूप होणाऱ्या त्या चौकोनी ठोकळ्याला काय म्हणावे? 'घन' म्हणावे तर डोळ्यांपुढे आषाढातले ढग येतात. आमच्या सौभाग्यवतींनी 'वडी' म्हणून निकाल लावला.

ही वडी स्वित्झर्लंडची. ज्यूलियस मॅगी या गिरणीवाल्याने ती १९०८ साली बाजारात आणली. गंमत अशी, की त्याच साली टोकियोत इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने समुद्रशेवाळातून ग्लुटामेट वेगळे केले. तेच आपले अजिनोमोटो. आज बहुतेक वड्यांची चव त्याच्यावर उभी आहे. मांस असलेच तर नावापुरते! (शाकाहारी मंडळींनी तरीही वेष्टन वाचावे.)

हाडे तासन्‌तास उकळण्याचे काम वडी दोन मिनिटांत करते, हे कबूल. परंतु तिचे निम्मे वजन, कित्येकदा त्याहूनही अधिक, मिठाचे असते. दहा ग्रॅमच्या वडीत पाचेक ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला घालून दिलेली दिवसाची मर्यादाही तेवढीच! कोल्हापूरकर मटणाच्या पाण्याला 'अळणी' म्हणतात, आणि त्यातूनच तांबडा-पांढरा रस्सा करतात. तिथे मिठाचा हात आपला. वडीत तो कारखान्याचा.

आमच्या दादांना रक्तदाब आहे. म्हणून घरात नियम असा: लिटरभर पाण्याला अर्धी वडी, आणि मिठाचा डबा फडताळात. पुरणाच्या दिवशी मात्र वडीला सुट्टी. डाळीचा कट आयताच असतो.