तुझी मोटर किती केव्हीची?

टेक-फेस्टची आरसी रेस जवळ आली की हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये एकच प्रश्न ऐकू येतो, "तुझी मोटर किती केव्हीची?" मग साडेसहा हजारवाल्यापुढे साडेतीन हजारवाला गप्प बसतो. माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे.

केव्ही म्हणजे इथे किलोव्होल्ट नव्हे (इलेक्ट्रिकलवाल्यांनी हसू नये!). लोड नसताना ब्रशलेस मोटर दर व्होल्टला मिनिटाला किती फेरे घेते, तो हा आकडा. ३५०० केव्हीच्या मोटरला ७.४ व्होल्टची दोन सेलची लिपो जोडली, तर २५,९०० फेरे. तिथे बॅक ईएमएफ बॅटरीच्या व्होल्टेजला गाठतो आणि वेग थांबतो. केव्ही वाढवला की फेरे वाढतात, पण दर अँपिअरला मिळणारा टॉर्क त्याच प्रमाणात घटतो. तेवढाच टॉर्क हवा असेल तर करंट जास्त ओढावा लागतो, आणि वायर, ईएससी व बॅटरीतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. फुकट काहीच मिळत नाही.

शिवाय फेरे दुप्पट झाले की रोटरवरच्या चुंबकांना बाहेर खेचणारं बल चौपट होतं. स्टेटरचं लोखंड जास्त तापतं, आणि चुंबक फार तापला तर कायमचा कमजोर होतो. वर हवा आहेच! वेग दुप्पट करायचा तर हवेच्या विरोधाला आठपट पॉवर लागते. २०१४ साली अमेरिकेत निक केसच्या बॅटरीवरच्या गाडीने ताशी ३२५ किलोमीटर गाठले, तेव्हा नुसती मोटर दांडगी नव्हती, बॉडीसुद्धा हवा कापणारी होती.

परदेशातल्या 'स्टॉक' रेसमध्ये यावर सोपा उपाय आहे. सगळ्यांना ठरावीक वाइंडिंगची मोटर, उदाहरणार्थ १७.५ टर्नची, आणि ईएससीचं टायमिंग शून्य. तसं सेटिंग असलं की ईएससीचा दिवा लुकलुकतो, म्हणून त्याला 'ब्लिंकी' म्हणतात. परीक्षकाला लांबूनही कळतं. मग जिंकायचं कशावर? गिअर रेशो, सस्पेन्शन, टायर आणि हात यांवर. म्हणजे इंजिनिअरिंगवरच की!

आपल्याकडेही हाच नियम हवा, असं मला ठामपणे वाटतं. एक कारण पैशाचं. मेसचं बिल भरताना ज्याची ओढाताण होते, त्याने महागड्या मोटरपुढे आधीच हरायचं का? दुसरं कारण सुरक्षिततेचं. दीड किलोची गाडी ताशी ६० च्या वेगाने नडगीवर आदळणं म्हणजे तीच गाडी चौदा मीटरवरून, साधारण चार मजल्यांवरून, अंगावर पडणं. आणि आपले प्रेक्षक ट्रॅकला खेटून उभे असतात.

आयोजकांनी आणि सरांनी यंदाच्या नियमावलीत एवढी एक ओळ घालावी. आणि आपण प्रश्न बदलूया : "तुझा गिअर रेशो किती? आणि तोच का?"