‘१८’ म्हणजे किती? पाण्याच्या अहवालावर एकक लिहा



आमच्या बोअरचं पाणी जड आहे, हे कळायला आम्हाला प्रयोगशाळा लागत नाही. तूरडाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या होऊनही टणकच राहते, साबणाला फेस धरत नाही आणि गिझरच्या कॉइलवर वर्षभरात पांढरं पुट चढतं. कन्नडच्या काळ्या खडकातून झिरपलेलं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच वर येणार. तक्रार पाण्याबद्दल नाही, ते मोजून हातात दिल्या जाणाऱ्या कागदाबद्दल आहे.

सॉफ्टनर विकणारा एक जण घरी आला. त्याने बाटलीत पाणी घेतलं, थेंब मोजले, लाल रंगाचा निळा झाल्यावर चिठ्ठीवर ‘हार्डनेस १८’ लिहून दिलं. दोन महिन्यांनी तेच पाणी प्रयोगशाळेत तपासून घेतलं, तर अहवालात ‘३०८’. सूनबाई म्हणाल्या, “मामा, दोन महिन्यांत पाणी सतरापट बिघडलं का?” मुलगा दुसरी बोअर घ्यायच्या गोष्टी करू लागला.

पाणी तसूभरही बदललं नव्हतं. १८ हा आकडा अमेरिकन गॅलनमागे किती ग्रेन, याचा होता. ग्रेन म्हणजे जवाचा दाणा, सुमारे ६४.८ मिलिग्रॅम, आपल्या सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याहून किंचित जास्त. एका गॅलनमागे एक ग्रेन म्हणजे लिटरमागे १७.१ मिलिग्रॅम. अठराला सतरा पूर्णांक एकने गुणा, ३०८ येतात. दोन्ही कागद खरे होते. फक्त पहिल्यावर एकक नव्हतं.

हा नुसता आकडेमोडीचा छंद नाही. हेच ‘१८’ फ्रेंच अंश असतील तर लिटरमागे १८० मिलिग्रॅम, इंग्लंडचे जुने क्लार्क अंश असतील तर सुमारे २५७, जर्मन अंश असतील तर ३२१. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा २०० आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. म्हणजे एकच ‘१८’ एका मापाने मर्यादेच्या आत आणि दुसऱ्या मापाने दीडपट बाहेर. परदेशी बनावटीच्या यंत्राच्या माहितीपत्रकात जर्मन अंश, सॉफ्टनरवर ग्रेन, सरकारी अहवालात मिलिग्रॅम. गिऱ्हाइकाने कोणता आकडा कशाशी ताडून पाहायचा?

बरं, ‘मिलिग्रॅम प्रतिलिटर’ लिहिलं म्हणजेही काम संपत नाही. कशाचे मिलिग्रॅम, हे लागतं. अद्रकीच्या ठिबकसाठी विहिरीचं पाणी तपासलं, तर शेतीच्या अहवालात कॅल्शियम ‘४ मिलिइक्विव्हॅलंट’ येतं. तेच कॅल्शियम म्हणून ८० मिलिग्रॅम आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात २०० मिलिग्रॅम. तीन आकडे, कॅल्शियम तेवढंच.

नायट्रेटच्या बाबतीत तर गफलत जिवाशी येऊ शकते. आपली मर्यादा ४५, अमेरिकेची १०. हे वाचून आपलं सरकार ढिलं आहे असं अनेकांना वाटतं. खरं तर दोन्ही मर्यादा जवळपास सारख्याच आहेत. आपण अख्खं नायट्रेट मोजतो, ते त्यातला नायट्रोजन. पण एखाद्या अहवालात नायट्रोजनच्या रूपात ‘१२’ लिहिलेलं असेल आणि वाचणाऱ्याने ते ४५ शी ताडलं, तर तो निर्धास्त होऊन पाणी प्यायला देईल. प्रत्यक्षात ते नायट्रेट ५३ भरतं. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला हेच पाणी घातक.

कुणी म्हणेल, गुणाकार करायला काय जातं, मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहे. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, माझी हरकत तिथेच आहे. गुणाकार तेव्हा करता येतो, जेव्हा कशाला गुणायचं हे लिहिलेलं असतं. पोरांनी उत्तरात एकक गाळलं की आम्ही गुण कापायचो. मग पैसे घेऊन दिलेल्या अहवालाला सवलत का? १९५६ च्या कायद्याने शेर-पायली बाजूला सारून आपण लिटर-किलो आणले, ते बाजारात गिऱ्हाईक नाडलं जाऊ नये म्हणून. किराणा दुकानदार आज शेराने तेल विकत नाही; पाण्याच्या चिठ्ठीवर मात्र बिनधास्त ग्रेन चालतो, तोही नाव न सांगता.

मागण्या साध्या आहेत. पाण्याच्या प्रत्येक अहवालात कठीणपणा ‘मिलिग्रॅम प्रतिलिटर, कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात’ असा लिहावा आणि शेजारच्या रकान्यात त्याच एककात मर्यादा छापावी. नायट्रेटपुढे ‘नायट्रेट म्हणून’ की ‘नायट्रोजन म्हणून’ हे स्पष्ट असावं. सॉफ्टनर विकणाऱ्यांनी ग्रेन सांगितले, तरी मिलिग्रॅमही सांगावेत. गावोगावी जलजीवन मिशनच्या किटने पाणी तपासणाऱ्या भगिनींनी टाकीवरच्या फलकावर आकडा लिहिताना एकक सोडू नये.

तोवर वाचकांनी हे कात्रण फ्रिजवर चिकटवावं: अमेरिकन ग्रेन असतील तर १७.१ ने गुणा, जर्मन अंश १७.८५ ने, क्लार्क १४.२५ ने, फ्रेंच १० ने. उत्तर २०० शी ताडा. आणि एकक नसलेली चिठ्ठी कुणी हातात दिली, तर पैसे देण्याआधी ते लिहून घ्या.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षक, कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर