सरीचे पाणी जाणार कुठे?

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस मराठवाड्यात आणि सोलापूरकडे जो पाऊस झाला, त्यात काढणीला आलेले सोयाबीन रानातच कुजले. नदीकाठी तर जमीनच खरवडून गेली, त्यापुढे शेतकऱ्याचा इलाज नव्हता. पण नदीपासून दूर, पूर जिथे आलाच नाही, अशा काळ्या रानांतही पाणी तुंबून राहिले. प्रश्न त्या रानांचा आहे.

पाऊस बदलला हे आता नुसते पारावरचे बोलणे राहिलेले नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर होणाऱ्या अतिमुसळधार पावसाचे प्रसंग तिपटीने वाढले. एकूण पाऊस मात्र घटला. म्हणजे तीन आठवडे आभाळाकडे बघायचे, आणि मग दोन दिवसांत रान तुडुंब!

यावरचा उपाय नवा नाही. हैदराबादजवळच्या पाटनचेरू येथील इक्रिसॅट संस्थेने काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरी पद्धतीवर १९७० च्या दशकातच काम केले. वरंब्यावर पीक, दोन्ही अंगांना सरी. खंड पडला तर सरीत मुरलेली ओल कामी येते, पाऊस जास्त झाला तर पाणी सरीतून बाहेर. आम्ही गावोगाव 'बीबीएफ, बीबीएफ' म्हणून सांगतो ते हेच. यंत्र मिळाले नाही म्हणून अडून बसू नका. चार-सहा ओळींनंतर एक ओळ मोकळी सोडा आणि पुढे कोळप्याच्या जानोळ्याला दोरी गुंडाळून तिथे सरी पाडा.

पण सरीचे पाणी बांधापर्यंत आले, पुढे काय? पुढे शेजाऱ्याचे रान! गावनकाशावर ओढा दिसतो, प्रत्यक्षात त्यात कुणाच्या तरी तुरीची तासे असतात. मग बांध फोडला म्हणून भांडण, आणि दोन घरे तहसीलच्या पायरीवर.

इक्रिसॅटच्या प्रयोगात नुसत्या सऱ्या नव्हत्या. पाणी वाहून नेणारे गवताचे चर आणि ते साठवायचे तळे त्याच आराखड्यात होते. आखणी एका शेताची नव्हती, सगळ्या पाणलोटाची होती. आपण यंत्र तेवढे उचलले आणि चर विसरलो. अनुदानही यंत्राला मागितले जाते, चराला कोण मागतो?

हे काम एकट्या शेतकऱ्याच्या हातचे नाही. सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी) यांनी १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, नकाशा हातात घेऊन शिवारफेरी काढावी आणि बुजलेले ओढे-चर मृगाआधी मोकळे करावेत. सुरुवात उताराच्या खालच्या टोकाकडून करा. वरून केली तर सगळ्या गावाचे पाणी खालच्या शेतकऱ्याच्या उरावर बसते, आणि मग तो बांध घालतोच.