तपासलेला पेपर पोरांच्या हातात द्या

मा. संचालक,
परीक्षा व मूल्यमापन मंडळ,
शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर



राधानगरी तालुक्यातली पोरं पुस्तक सोडून जुन्या प्रश्नपत्रिका वाचतात, अशी प्राध्यापकांची तक्रार असते. ती खरी आहे. पण पोरांचा हिशेब मला चुकीचा वाटत नाही, म्हणून हे पत्र.

परीक्षेच्या दिवसांत त्यांचं बोलणं ऐका. आयएमपी प्रश्न कुठले, पुरवण्या किती लावल्या, उपमुद्द्यांखाली रेघ मारली का. तपासणारे पहिलं आणि शेवटचं पान बघतात, मधे काहीही लिहिलं तरी चालतं, असा त्यांचा पक्का सिद्धांत आहे. तो खोटा असेलही. पण खोटा ठरवणार कोण? तपासलेला पेपर डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी गावात सापडायला हवा ना! इंटर्नलचे गुण म्हणजे ‘सरांच्या हातातले’, आणि थिअरीचे नशिबाचे. तीन वर्षांत आपण त्यांना मूल्यमापनाविषयी शिकवलं ते एवढंच.

ही आपल्याकडचीच रड आहे असं नाही. 1976 साली स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठात मार्टन आणि सॅल्यो यांनी दाखवलं, की पुढे कसले प्रश्न येणार या अंदाजावर विद्यार्थ्याची वाचनाची तऱ्हा ठरते. त्याआधी, 1974 मध्ये, एडिंबरामधल्या विद्यार्थ्यांवर मिलर आणि पार्लेट यांचा अभ्यास आला होता. काही विद्यार्थी शिक्षकांच्या मागेपुढे राहून परीक्षेचा सुगावा काढतात, काहींच्या कानावर तो येतच नाही, आणि सुगावा काढणारे निकालात पुढे राहतात. आता दाजीपूरच्या बाजूची एखादी मुलगी घ्या. तास संपला की तिला गाडी गाठायची असते. स्टाफरूमच्या दारात थांबून सुगावा काढायला तिला सवड कुठली? कष्टात ती कमी नाही, पण चांगलं उत्तर कसं असतं हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं.

प्रश्नांचंही पाहा. ‘राजर्षी शाहूंचे पाटबंधारे धोरण स्पष्ट करा’ हा प्रश्न भोगावतीच्या काठावर वाढलेला पोरगा गाईडमधून पाठ करतो. राधानगरीचं धरण त्याच्या घरामागे! महाराजांच्या काळात सुरू झालेलं काम पैशाअभावी का थांबलं, ते पुरं व्हायला स्वातंत्र्य का उजाडावं लागलं, जमिनी कुणाच्या बुडाल्या आणि पाणी कुणाच्या उसाला गेलं, हे विचारलंत तर त्याला आज्याशी बोलावं लागेल, तलाठ्याकडे जावं लागेल. गाईडात ते मिळणार नाही. पण तसं कोणी विचारत नाही, आणि तो पाठांतर करतो म्हणून आपण त्यालाच नावं ठेवतो.

तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीला हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 9 ऑगस्ट 2011 रोजीच सांगितलं. मात्र राज्यभर हा हक्क भांडणापुरता उरला आहे. मुदतीत अर्ज करा, शुल्क भरा, मग झेरॉक्स घ्या. हे करतो तो दोन गुणांनी नापास झालेला. ज्याला 58 पडले त्याला उरलेले 42 कुठे गेले हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या सत्रात तो तसंच उत्तर पुन्हा लिहितो. निकाल 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत लावा, असं 2016 चा विद्यापीठ कायदा सांगतो. वेळेचं बंधन झालं, पण विद्यार्थ्याच्या हातात पडतो तो आकडाच.

2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण आलं. त्यात सतत मूल्यमापनावर भर आहे. ते फाईल बाइंडिंगच्या दुकानात संपू नये, म्हणून मागणं थोडकं आहे. इंटर्नलचं लेखन शेरा लिहून सत्रपरीक्षेआधी परत द्या. शेरा दोन ओळींचा चालेल, पण ‘चांगले’ आणि ‘ठीक’ हे शेरे नव्हेत. आणि परीक्षकांसाठी केलेली उत्तरसूची निकालानंतर सगळ्यांना खुली करा.

एवढं तपासणार कोण, असं तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. तासिका तत्त्वावरचा शिक्षक शिकवलेल्या तासाचे पैसे घेतो, घरी नेलेल्या गठ्ठ्याचे त्याला कोणी देत नाही. तेव्हा शासनाकडे मानधनाची मागणी करताना शेरा लिहिण्याचा वेळही तासिकेत धरा. तोवर निदान एका विषयात, एका सत्रापुरतं करून पाहा.

आपला,
राधानगरीतील एक पालक