टाईल्स लावण्याआधी भिंत पाहा

नीरेकाठच्या आमच्या अकलूजच्या घरात न्हाणीघराला टाईल्स बसवल्या आणि चार महिन्यांत शेजारच्या खोलीची भिंत ओली झाली. पाईपचा सांधा गळत होता. तो सापडेपर्यंत सात टाईल्स फोडाव्या लागल्या. चूक गवंड्याची नव्हती, घाई आमची होती. कष्टाचा पैसा पुन्हा खर्ची पडला. म्हणून भगिनींनो, या गोष्टी ध्यानात ठेवा.

जुना रंग, साबणाचा थर खरवडून काढा. भिंत ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर तेवढा गिलावा पाडून नवा करा व त्याला सात दिवस पाणी मारा. गुळगुळीत भिंतीला टाचे मारून घ्या, नाहीतर माल धरत नाही. पाईप उघडे असतानाच नळांची तोंडे बंद करून पाणी भरा, सांधे तपासा. जमिनीला जाळीकडे दर फुटाला एक-दोन सूत उतार ठेवा. वॉटरप्रूफिंग वाळले की जाळीचे तोंड बंद करून चोवीस तास पाणी साठवा.

मुख्य कॉक हाताला येईल असा ठेवा. भिंतीत कॉक दडणार असेल तर तिथे उघडता येणारे झाकण करा. पाईप कुठून गेले ते कोपऱ्यापासून मोजून वहीत काढा. त्याच रंगाच्या आठ-दहा टाईल्स जपून ठेवा. पुढे तो रंग मिळेलच असे नाही.

यात आठ-दहा दिवस जास्त जातील. तेवढ्या दिवसांची अंघोळीची सोय, विशेषतः म्हाताऱ्या माणसांची, आधीच करा.