एसएसएच : १९९५ वर थांबणारा इतिहास

संगणकसुरक्षेच्या इतिहासात एक कथा फार आवडीने सांगितली जाते. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी गुपचूप पासवर्ड टिपले. त्याने अस्वस्थ होऊन तातू युलोनेन या संशोधकाने एसएसएच लिहिले आणि एफटीपीचे २१ व टेलनेटचे २३ यांच्या मधले २२ क्रमांकाचे पोर्ट मागून घेतले. कथा खरी आहे. ‘तेव्हापासून सारे सुरक्षित झाले’ हा तिला जोडला जाणारा शेवट मात्र खोटा आहे. (१/६)

एसएसएचमध्ये आरंभापासूनच पोर्ट फॉरवर्डिंग होते. राउटरमागे दडलेल्या कॅमेऱ्यापर्यंत बाहेरून थेट पोहोचता येत नाही. म्हणून ते यंत्र स्वतःच सर्व्हरशी जोडणी करते आणि सर्व्हरवरचे एक पोर्ट आपल्याकडे वळवून घेते. याला सर्रास ‘सुरक्षित बोगदा’ म्हणतात. या विशेषणानेच घात केला. बोगद्याच्या भिंती बाहेरच्या कानांना अडवतात. तोंडाशी कोण उभे आहे, हे त्या विचारत नाहीत. (२/६)

ही शंका काल्पनिक नव्हे. ओपनएसएसएचच्या मूळ मांडणीत फॉरवर्डिंगची मुभा चालूच असते. त्यामुळे मर्यादित खात्यातून शिरलेला माणूसही त्या यंत्राच्या आडून तिसऱ्याच यंत्रापर्यंत पोहोचू शकतो. सीव्हीई-२००४-१६५३ या क्रमांकाने हा धोका नोंदलेला होता. पुढची बारा वर्षे तो तसाच राहिला. ऑक्टोबर २०१६ मध्ये अकामाई कंपनीने दाखवून दिले की, कारखान्यातले पासवर्ड न बदललेली उपकरणे हल्लेखोरांचा आडोसा बनली होती. तिथल्या खात्यांना शेल मिळत नव्हते, फॉरवर्डिंग मिळत होते. कूटलेखन कुणीही मोडले नव्हते! (३/६)

त्याच महिन्यातला मिराईचा हल्ला मात्र सर्वांना आठवतो. साहजिकच आहे, मिराई टेलनेटवरून पसरला, म्हणजे खलनायक जुनाच. १९९५ च्या कथेला तो सोयीचा पडतो. (४/६)

‘दोष साधनाचा नव्हे, वापरणाऱ्याचा’ असा बचाव केला जातो. ज्याला शेल आहे त्याचे फॉरवर्डिंग बंद करून फारसे साधत नाही, असे ओपनएसएसएचची माहितीपुस्तिकाही सांगते. ते योग्यच. पण २०१६ ची उदाहरणे नेमकी शेल नसलेल्या खात्यांची होती, आणि विकत घेतलेल्या कॅमेऱ्याची मूळ मांडणी ग्राहकाने केलेली नसते. (५/६)

म्हणून यंत्रासाठी सर्व्हरवर वेगळे, शेल नसलेले खाते हवे. पासवर्डऐवजी किल्ली हवी. पहिल्या जोडणीवेळी सर्व्हरच्या किल्लीचा ठसा पडताळायला हवा. वळवलेले पोर्ट मुळात लूपबॅक पत्त्यावर, म्हणजे सर्व्हरच्या आतल्या आतच ऐकते. ‘गेटवेपोर्ट्स’ चालू करून ते जगाला उघडे करण्याचा सल्ला बेजबाबदार आहे. खात्याला केवळ रिमोट फॉरवर्डिंगची मुभा द्यावी आणि किल्लीच्या नोंदीत ‘परमिटलिसन’ लिहून एकच पोर्ट बांधून द्यावे. ही शेवटची सोय ओपनएसएसएचमध्ये आली ती २०१८ मध्ये, हेलसिंकीतल्या त्या प्रसंगानंतर तेवीस वर्षांनी. (६/६)