लडाखला कापूर नको, दिवस न्या

मे महिना लागला की या स्तंभाच्या वाचकांकडून हमखास विचारणा होते : लडाखला जाताना कापूर किती न्यावा? देवापुरता न्या. कापूर हुंगल्याने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. रक्तातला ऑक्सिजन तसूभरही वाढत नाही. पण रुमालातली पुरचुंडी नाकाशी धरून माणूस निर्धास्तपणे पुढच्या खिंडीकडे निघतो, घोटाळा तिथे होतो.

मुंबईहून विमानाने निघालेला माणूस काही तासांत लेहला, साडेतीन हजार मीटरवर, कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंचीवर उतरतो. लेहच्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश. त्यामुळे दर श्वासाला पदरात कमी पडते. शरीर हा तुटवडा भरून काढायला शिकते, मात्र त्याला दिवस लागतात. गडकोट पालथे घालणाऱ्या पोरांना हे पटत नाही. दम असणे वेगळे, उंची अंगवळणी पडणे वेगळे. उलट पहिल्याच संध्याकाळी शांतिस्तूपाच्या पायऱ्या चढायला धावतात ते हेच दमदार गडी.

लष्कराने हा धडा १९६२ च्या युद्धकाळात घेतला. सखल भागातून झटपट उंचीवर नेलेले जवान आजारी पडू लागले; इंदर सिंग आणि सहकारी डॉक्टरांनी १,९२५ जवानांवर लिहिलेला १९६९ चा शोधनिबंध आजही जगभर आधाराला घेतात. लेहच्या उंचीवर जवानाला सरावासाठी सहा दिवस मिळतात, त्यातले पहिले दोन निव्वळ विश्रांतीचे. आपली अख्खी सहलच ‘पाच रात्री, सहा दिवस’!

त्यातही माझा खरा आक्षेप पँगाँग सरोवराकाठच्या मुक्कामाला आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वर नेऊ नये, असा डॉक्टरांचा दंडक. सहलीत आधी नुब्रा खोऱ्यात मुक्काम असतो; ते लेहहून खाली, साधारण ३,१०० मीटरवर. तिथून दुसऱ्या दिवशी थेट पँगाँग, सव्वाचार हजारांच्या आसपास. रात्री तंबूत कुणाला बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून फेस आला, चालताना झोक जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर सकाळची वाट न पाहता ऑक्सिजन लावून खाली न्यायचे असते. पण लेहला उतरायचा नेहमीचा रस्ता आधी पाच हजार मीटरपलीकडच्या चांग ला खिंडीवर चढतो! फुप्फुसात वा मेंदूत पाणी साचलेल्या माणसाला आणखी वर नेण्याची वेळ येते. सहलीचे पत्रक छापणाऱ्याने हे कधी पाहिलेले नसते.

डोके दुखतेय, मळमळतेय, जेवण नको वाटतेय, इथेच थांबायला हवे. पण पैसे भरलेत म्हणून लोक गोळी गिळून गाडीत बसतात. उंचीचा त्रास टाळायला डायमॉक्सची गोळी मदत करते, पण ती आदल्या दिवशीपासून आणि डॉक्टरांना विचारून घ्यावी. सल्फाची ॲलर्जी असेल तर हे आवर्जून सांगावे. दारू आणि झोपेच्या गोळ्या पहिल्या दिवसांत वर्ज्यच.

पैसे भरण्याआधी सहल कंपनीला दोनच गोष्टी विचारा : पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती आहे का आणि तंबूंच्या मुक्कामी ऑक्सिजनचा सिलिंडर असतो का? ‘काही होत नाही हो, काळजी करू नका’ असे उत्तर आले, तर दुसरी कंपनी शोधा.